तो शुद्धीवर येऊ नये

फादर म्हणाले, "हॉस्पिटलात असलेल्या धम्मपालला लवकर बरं वाटावं म्हणून प्रार्थना करू या," आणि अख्खं चर्च एका सुरात म्हणालं, "हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक." इनासही म्हणाला. जरा मोठ्यानेच म्हणाला, कारण हल्ली बाजूच्या बाकावरची माणसं आपल्या तोंडाकडे बघतायत असं त्याला सारखं वाटायचं. पण आत, बरगड्यांच्या आत, तो दुसरंच मागत होता. तो मागत होता की धम्मपाल शुद्धीवर येऊ नये.

मरावा असं नव्हे. तेवढं सरळ मागायची त्याची छाती नव्हती. नुसता उठू नये. पडून राहावा. देवाला फसवायला निघालेला माणूस शब्द बघा कसे निवडून निवडून वापरतो.

इनास साठीला टेकला होता. गोराईच्या पुढे, खाजणाला लागून असलेल्या त्या पाड्यावर त्याचं घर. बापाची होडी होती, ती केव्हाच विकली. मासे मिळेनासे झाले, गुडघे बोलायला लागले, तेव्हा जुन्या फादरनी चर्चच्या चाव्या त्याच्या हातात दिल्या. झाडलोट, मेणबत्त्या, फुलं, घंटा, माईकचं मशीन, सगळं त्याच्याकडे. पाड्यावर त्याला मान होता. म्हातारा भला आहे, देवाचा माणूस आहे, असं लोक म्हणायचे. भल्या माणसाची हीच तर अडचण. एकदा भला म्हटलं की त्याला स्वतःची चूक कबूल करायची सवयच राहत नाही.

झालं होतं ते असं.

पवित्र आठवड्यात गुरुवारच्या मिस्सानंतर, म्हणजे संध्याकाळच्या उपासनेनंतर, घंटा गप्प होते. येशूला धरून नेलं, मारलं, त्याचा तो शोक. शनिवारपर्यंत दोरीला हात लावायचा नाही. लाकडी फळ्या आपटून लोकांना बोलवायचं. गुरुवारीच आल्तारामागची, म्हणजे वेदीमागची, ती सोनेरी पेटीही रिकामी करतात. एरवी तिच्यात ख्रिस्तप्रसाद असतो, तिला कुलूप असतं, तिच्यासमोर लाल दिवा जळतो. शुक्रवारी दिवा विझलेला, पेटी रिकामी, दार सताड उघडं. वर्षातून एकदाच दिसणारं ते दृश्य. लहान पोरांनाही त्याचा अर्थ ठाऊक असतो.

माईकचं मशीन महिनाभर खरखर करत होतं. फादर म्हणाले होते, ईस्टरनंतर बघू. पण गेल्या वर्षी शुक्रवारच्या प्रार्थनेत माईक बंद पडला आणि लोकांनी इनासला टोमणे मारून मारून नको केलं होतं. म्हणून बुधवारी मेणबत्त्या आणायला बोरिवलीला गेला तेव्हा तो कुणाला न विचारता धम्मपालच्या दुकानात शिरला. धम्मपाल स्पीकर, अँप्लिफायर दुरुस्त करायचा. जयंतीच्या मिरवणुकीपासून लग्नापर्यंत सगळ्यांची मशीनं त्याच्याकडे यायची. इनास म्हणाला, शुक्रवारी दुपारी तीनच्या प्रार्थनेआधी येऊन जा. धम्मपालने विचारलं, काका, शुक्रवार तर तुमचा मोठा दिवस ना, चालेल का मी आलो तर? इनास म्हणाला, म्हणून तर ये म्हणतोय, मागचं दार उघडं ठेवतो.

गुरुवारची अख्खी रात्र इनासने जागरणात काढली. शुक्रवारी उपास. दुपारी कुणी नव्हतं तेव्हा तो मागच्या बाकावर आडवा झाला आणि मेल्यासारखा झोपला. जाग आली ती कसल्याशा खुडबुडीने. डोळे उघडले तर समोर पेटीचं दार उघडं, आत काळोख, दिवा विझलेला, आणि आल्ताराच्या पायरीवर एक परका माणूस पाठमोरा वाकलेला, हातात स्क्रू ड्रायव्हर.

पोट रिकामं, डोकं झोपेत. आज कोणता वार आहे हेसुद्धा त्या क्षणी त्याच्या ध्यानात नव्हतं. त्याला एवढंच दिसलं की पेटी फोडली, प्रसाद पळवला. दुसरा कुणी असता तर ओरडला असता. इनासचे हात सवयीचे. तो धावत गेला आणि दोरीला लोंबकळला.

शुक्रवारी घंटा वाजली. पाड्यावर कुणी हयातीत ऐकलं नव्हतं असं. बाया घरातून किंचाळत आल्या, पुरुष मिळेल ते हातात घेऊन आले. कुणी वल्हं, कुणी बांबू. "चोर, पेटी फोडली," एवढं इनास ओरडला होता, आणि तेवढं पुरलं. आत आले त्यांतल्या एकालाही आठवलं नाही की आज पेटी उघडीच असते. सगळ्यांना धर्म तोंडपाठ होता. पण हातात बांबू आला की पाठांतर कुठे आठवतं?

धम्मपालला ओढून बाहेर आणलं. तो ओरडत होता, मला बोलावलंय, काकांनी बोलावलंय. कुणीतरी म्हणालं, "कुठला काका? दाखव." आणि तेव्हा इनासला सगळं आठवलं. बुधवार, दुकान, मागचं दार. धम्मपालने गर्दीतून त्याच्याकडे बोट केलं. लोकांनी वळून बघितलं.

इनासने मान हलवली. नाही म्हणून.

एवढंच. तोंडातून शब्दही काढला नाही. फादर तेव्हा पलीकडच्या पाड्यावर एका मरणाला टेकलेल्या म्हाताऱ्याला शेवटचं पवित्र तेल लावायला गेले होते. ते येईपर्यंत धम्मपाल हलायचा बंद झाला होता.

त्या गर्दीत इनासचा मुलगा मार्शल होता. वल्हं त्याच्याच हातात होतं.

पुढचं पटापट झालं. पोलीस आले, जबाब झाले, चर्चमध्ये शिरून विटंबना आणि चोरीचा प्रयत्न म्हणून धम्मपालवर केस लागली. मारहाण झाली ती अज्ञात जमावाने केली असं ठरलं. डोक्याला मार लागलेला धम्मपाल खाडीपलीकडच्या हॉस्पिटलात नळ्या लावून पडला. पाडा सावरला. ईस्टरला उकडलेली अंडी रंगवली, एकमेकांना मिठ्या मारल्या. प्रभू उठला म्हणाले. दुसरा एक जण उठला नव्हता त्याचं काय, हे कुणी बोललं नाही.

इनासला मात्र भीतीने पोखरायला घेतलं. फोन वाजला की तो हातातलं काम टाकून बघायचा. चर्चच्या ग्रुपवर धम्मपालची खबर यायची, कारण फादर रोज हॉस्पिटलात विचारून टाकायचे. 'परिस्थिती तशीच' असं वाचलं की तो सुस्कारा सोडायचा. एकदा आलं, 'बोटं हलवली, देवाची कृपा.' इनास त्या दिवशी संडासात जाऊन ओकला. उद्या तो डोळे उघडेल, परवा बोलेल, आणि पहिलं वाक्य काय बोलेल? मला चर्चवाल्या काकांनी बोलावलं होतं. मग लोक विचारतील, मग तू मान का हलवलीस रे इनास?

मार्शलला सगळं कळलं होतं. बापानेच सांगितलं, न राहवून, मागच्या पडवीत. मार्शल गोराईच्या एका रिसॉर्टात कामाला होता. तापट होता, पण वाईट नव्हता. त्याला दोन वर्षांची पोर होती, तिला खांद्यावर घेऊन तो समुद्रावर फिरायचा. ऐकल्यावर त्याने पडवीचं दार ओढून घेतलं. मग म्हणाला की हे आता दुसऱ्या कुणाच्या कानावर गेलं तर आपली वाट लागेल. चोराला मारलं तर लोक शाबास म्हणतात. बिनचोराला मारलं तर खून म्हणतात. "पप्पा, तू आयुष्यात पहिल्यांदा कामाचं केलंस," तो म्हणाला. "मान हलवलीस. आता तशीच हलवत राहा."

मार्शल ते हसत म्हणाला. त्या हसण्याने इनासच्या अंगावर काटा आला. कारण मुलाच्या तोंडात त्याला स्वतःचंच तोंड दिसलं.

मग त्याने ते केलं जे त्याच्यासारखी माणसं करतात. कन्फेशनला गेला. जुनी माणसं कुमसार म्हणतात. पण आपल्या फादरकडे नाही. आपले फादर आवाज ओळखतात. फादरच्या तोंडाला कुलूप असतं हे इनासला माहीत होतं, पण डोळ्यांना कुलूप नसतं ना. रोज सकाळी आल्तारावर समोरासमोर उभं राहायचं कसं? म्हणून तो बोटीने पलीकडे बोरिवलीला गेला, एका चर्चमध्ये जिथे त्याला कुणी ओळखत नव्हतं. जाळीमागे तरुण फादर होते. इनास म्हणाला, माझ्याकडून घाईत चूक झाली, त्यामुळे एका माणसाला लागलं, मला वाईट वाटतं. फादरनी विचारलं, मुद्दाम केलंत? नाही म्हणाला. आणि ते खरंही होतं, घंटेपुरतं. फादरनी पापक्षमा दिली, थोडी प्रार्थना सांगितली. झालं. धोब्याकडे कपडे टाकावेत तसं.

रविवारी तो ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत उभा राहिला.  अर्धं पाप लपवून क्षमा घेतली की ती क्षमा नसते, वर आणखी एक पाप असतं. हे त्याला लहानपणी मारूनमुटकून शिकवलेलं. फादरनी पांढरी भाकर त्याच्या तोंडासमोर धरली. इनासची दातखीळ बसली. फादर थांबले, मागची बाई थांबली, मागची रांग थांबली. इनासने खोकल्याचं नाटक केलं आणि तोंडावर रुमाल धरून बाजूला झाला. बाहेर आला तेव्हा सदरा घामाने पाठीला चिकटला होता.

दुसऱ्या दिवशी तो अंधेरीला गेला. तिथल्या एका मोठ्या चर्चमध्ये संध्याकाळी ऑफिसातून सुटलेले लोक बॅगा पाठीवर घेऊन कन्फेशनसाठी रांग लावतात. हिंदी, इंग्लिश, मराठी, जी पाहिजे ती भाषा. कुणी कुणाला ओळखत नाही. इनासला वाटलं, इथे सगळं सांगून टाकू. गर्दीत टाकलेली घाण सापडत नाही.

मराठीच्या जाळीमागे म्हातारे फादर होते, वसईकडच्या बोलीचे, दम्याने घुर्र घुर्र करणारे. इनासने सगळं सांगितलं. घंटा, मान, मार्शल, उलटी. शुद्धीवर येऊ नये म्हणून केलेली प्रार्थनासुद्धा. सांगताना त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला.

फादर म्हणाले, "कसली भीती वाटते?"

"नरकाची."

"आणखी?"

"पोलिसांची. गावाची. पोराची."

"आणि त्या माणसाचं वाईट वाटतं?"

 खोटं बोलायला जागा नव्हती. "वाटायला पाहिजे," तो म्हणाला.

जाळीमागे फादर खोकले की हसले कळलं नाही. मग म्हणाले, "भीतीसुद्धा चालते देवाला, सुरुवातीला. तो एवढा शिष्ट नाही. पण पश्चात्ताप म्हणजे मागे फिरणं, बाबा. तुझी भीती तुला अंधेरीला घेऊन आली. हॉस्पिटल कुठे आहे?"

"बोरिवलीत."

"म्हणजे वाटेत लागलं. तू पुढे निघून आलास."

 बाहेर रांगेतल्या कुणाचा तरी फोन वाजला आणि बंद झाला.

"तू झालेल्या पापाची माफी मागतोयस," फादर म्हणाले. "पण हे झालेलं नाही. हे तू अजून करतोयस. आत्ता, इथे बसून. त्याच्यावर चोर म्हणून केस आहे, ती तू रोज चालू ठेवतोयस. चालू असलेल्याची क्षमा मी कशी देऊ? आधी थांब. त्याचं नाव त्याला परत दे. मग ये. मी इथेच असतो, मरेपर्यंत."

इनास चिडला. आयुष्यात पहिल्यांदा फादरवर चिडला. बाहेर पडताना मनातल्या मनात शिव्या घातल्या. यांना काय जातं बोलायला? यांना पोर आहे? यांना पाड्यावर राहायचंय? अंधेरीच्या रस्त्यावर मेट्रोच्या खांबाखाली तो उभा राहिला. रिक्षावाला विचारत होता, कुठे जायचंय काका, आणि इनासला सांगता येत नव्हतं.

घरी पोचला. आणि पुढच्या दुपारी ग्रुपवर खबर आली.

धम्मपालला पुन्हा रक्तस्राव झाला होता. डॉक्टरांनी आशा सोडली होती. फादरनी लिहिलं होतं, आता काही तासांचा किंवा दिवसांचा प्रश्न आहे, सर्वांनी रोझरी म्हणावी. खाली लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली होती. मार्शलनेही टाकलं होतं.

इनासने फोन बाजूला ठेवला. सुनेने बोंबलाचं कालवण केलं होतं, भाकरी होती. तो जेवायला बसला. एक भाकरी खाल्ली, दुसरी मागितली. कालवणाला चव होती आज. तिखट बरोबर, कोकम बरोबर. किती दिवसांनी पोटभर जेवतोय असं त्याच्या मनात आलं. सून म्हणाली, "पप्पा, आज बरं वाटतंय ना? तोंडावर तेज आलं." तो मान डोलावून हसला.

घास तोंडातच राहिला.

त्याला कळलं की आपण कशामुळे जेवतोय.

आजवर तो नरक म्हणजे आग समजत होता, मेल्यानंतरची. तसा नव्हता तो. तो हा होता: माणूस तिकडे मरतोय म्हणून इकडे भूक लागते. आतापर्यंत त्याला पकडले जाण्याची भीती होती. आता पहिल्यांदाच त्याला सुटण्याची भीती वाटली. धम्मपाल गेला की कुणी कधी विचारणार नाही. आपण चाव्या सांभाळू, फुलं ठेवू, भला माणूस म्हणून मरू, अख्खा पाडा रडेल. आणि आत हे जे बोंबील खातंय, चवीने खातंय, ते आपल्याबरोबर पुरलं जाईल. ते मरणारही नाही कदाचित. ही भीती आधीच्या सगळ्या भीतीपेक्षा मोठी होती. आधीच्या भीतीला पळायला जागा होती.

तो हात धुऊन उठला. चप्पल घालताना दोनदा उलटा पाय गेला. सून विचारत होती, कुठे निघालात? तो म्हणाला, पलीकडे.

हॉस्पिटलात आयसीयूबाहेर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर धम्मपालची आई शांताबाई बसली होती, डोळे मिटून, ओठ हलवत. शेजारी बायको संघमित्रा, मांडीवर डबा, डबा न उघडलेला. फादरच्या मोबाइलवरच्या फोटोत इनासने तिला बघितलं होतं. तो तिच्यासमोर उभा राहिला. 

"मी गोराईचा," तो म्हणाला. "चर्चची घंटा माझ्याकडे असते. धम्मपालला मी बोलावलं होतं. मशीन बघायला."

संघमित्राने त्याच्याकडे बघितलं. त्याला वाटलं होतं ती किंचाळेल, मारेल, रडेल. त्यातलं काहीच झालं नाही.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "घरातून निघताना मला सांगून निघाला होता, चर्चवाल्या काकांचं काम आहे. पोलिसांना मी पहिल्याच दिवशी सांगितलं. ते म्हणाले, कोण काका? नाव काय? मला नाव माहीत नव्हतं. म्हणाले, बायका नवऱ्याला वाचवायला काहीपण सांगतात." ती थांबली. "इतके दिवस कुठे होतात, काका?"

"घरी," इनास म्हणाला. यापेक्षा वाईट उत्तर त्याला सापडलं नाही, कारण ते खरं होतं.

"जेवत होता, झोपत होता?"

"हो."

शांताबाईने डोळे उघडले होते. ती ऐकत होती. इनास हात जोडायला गेला, तोंडातून "माफ" एवढंच निघालं. संघमित्राने हाताने थांबवलं, माशी वारावी तसं.

"ते मला नको. मला ते ठेवायला जागा नाही. तो आत चोर म्हणून मरतोय. दारावर पोलीस बसवलाय, दिसतोय ना? मरणाऱ्या माणसावर पहारा. मला सांगून काय उपयोग? जिथे मान हलवलीत तिथे तोंड उघडा. चला, आत्ता." तिने डबा सासूच्या मांडीवर ठेवला. "आई, मी येते. काही झालं तर फोन कर."

ती पुढे, इनास मागे. रिक्षा, मग जेट्टी, मग बोट. केस गोराईच्या बाजूच्या चौकीत होती. बोटीत पाड्यावरची दोन माणसं होती. त्यांनी इनासला बघितलं, तिला बघितलं, एकमेकांकडे बघितलं. एकाने फोन काढून पाठ फिरवली. इनासला कळलं कुणाला फोन लागला ते. खाडीचं पाणी ओहोटीचं, काळं, बोट संथ. उडी मारावी असं मनात आलं. मारली तर सगळे म्हणतील बिचारा पाय घसरून गेला, भला माणूस होता. संघमित्रा समोर बसली होती. ती त्याच्याकडे बघत नव्हती. तिचं लक्ष हातातल्या फोनकडे होतं, तो वाजू नये म्हणून.

तेव्हा त्याला पहिल्यांदा वाटलं. वाटायला पाहिजे म्हणून नव्हे. त्या बाईचा अंगठा फोनच्या काचेवर फिरत होता, नुसता फिरत होता. हा अंगठा मी असा केला. नरक विसरला तो तेवढ्यापुरता. धम्मपाल उठावा असं त्याला वाटलं. उठून माझ्याकडे बोट करावं. त्याने तसं मागितलंही, सरळ शब्दांत.

जेट्टीवर मार्शल उभा होता. रिसॉर्टचा टीशर्ट, लाल डोळे. तो बापाच्या अगदी जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "पप्पा, घरी चल."

"चौकीत चाललोय."

"डोकं फिरलंय काय तुझं? तो मरतोय. संपलं सगळं. तू बोललास तर मी आत जाईन. समजतंय ना तुला?" त्याने बापाचा दंड धरला. घट्ट धरला. "पोरीला काय सांगशील? आजोबाने बापाला आत टाकलं?"

इनासला मुलाच्या डोळ्यांत जे दिसलं ते त्याच्या ओळखीचं होतं. हा पोर रात्री झोपत नसणार. वल्हं कुठे टाकलं असेल याने?

"तू पण घाबरलायस," इनास म्हणाला.

"मग? नको घाबरू?"

"घाबर. पण माझ्यासारखा नको. मी घाबरून मान हलवली, आणि तू त्याला शाबास म्हणालास. मला त्या दिवसापासून तुझी भीती वाटते, मार्शल. चल माझ्याबरोबर. आपण दोघं सांगू."

मार्शलने हात सोडला. शिवी दिली, बापाला की स्वतःला कळलं नाही. पण तो आला नाही. वाट अडवूनही उभा राहिला नाही.

चौकीत पंखा फिरत होता. हवालदार चहा पीत होता. संघमित्राला बघून त्याने कपाळाला आठ्या घातल्या, मग इनासला ओळखलं आणि खुर्ची पुढे केली. चर्चच्या माणसाला खुर्ची मिळते. इनास बसला नाही. त्याने सगळं सांगितलं, बुधवारपासून. हवालदाराचा चहा थंड झाला. तो दोनदा म्हणाला, काका, विचार करून बोला, तुमच्याच अंगाशी येईल. इनास म्हणाला, येऊ द्या.

हवालदाराने कागद पुढे ओढला. "ठीक आहे. तो स्वतःहून शिरला नव्हता, तुम्ही बोलावलं होतं. हे लिहिलं. आता मारहाण. यात अनोळखी जमाव आहे आमच्याकडे."

"अनोळखी कुणी नव्हतं," इनास म्हणाला. "सगळ्यांच्या पोरांच्या बाप्तिस्म्याला मेणबत्ती मीच लावली आहे."

"मग सांगा."

"पहिलं माझं लिहा."

"तुम्ही मारलं?"

"नाही. गप्प राहिलो."

"त्याला काय लावायचं ते साहेब बघतील. मारणारे सांगा."

दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं. इनासने वळून बघितलं नाही; चपलांचा आवाज त्याला ओळखू आला. संघमित्राने मात्र बघितलं, आणि पदर आवळून ती भिंतीकडे सरकली.  प्रवचनात सांगतात की सत्य बोललं की हृदय पिसासारखं हलकं होतं. साफ खोटं. त्याचं हृदय घणासारखं आपटत होतं, लघवीला लागली होती. भीती तसूभर कमी झाली नव्हती. फक्त आता ती त्याच्या मागे लागली नव्हती, पुढे उभी होती, आणि त्याला तिच्यातून जायचं होतं.

"मार्शल इनास कोळी," तो म्हणाला. "हातात वल्हं होतं."

हवालदाराचं पेन थांबलं. "तुमचा कोण?"

"मुलगा."

दारातला माणूस हलला नाही. पळालाही नाही, आतही आला नाही. नुसता श्वास ऐकू येत होता, जोरजोरात, धावून आल्यासारखा.

हवालदाराने दाराकडे एकदा बघितलं, मग कागदाकडे. नाव लिहिलं. "पुढे?" तो म्हणाला.

आणि इनास पुढचं नाव सांगू लागला.